खाडीकाठची घटका

मन शांत नाही, ही तक्रार हल्ली दहावीच्या विद्यार्थ्यापासून त्याच्या आजोबांपर्यंत सर्वांच्या मुखी ऐकू येते. तिच्यावर योजिला जाणारा उपायही बहुधा एकच असतो : सुट्टी पडताच माथेरान किंवा महाबळेश्वर गाठावयाचे, प्रत्येक स्थळापाशी उभे राहून छायाचित्रे काढावयाची, आणि गर्दीने शिणून घरी परतावयाचे. निसर्गाच्या सान्निध्यात शांती लाभते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु केवळ तेथे पोहोचल्याने ती लाभते, हे मात्र मान्य नाही. देह डोंगरावर आणि चित्त हातातील मोबाइलमध्ये, अशी स्थिती असल्यास बिचाऱ्या डोंगराने तरी काय करावे? शांती प्रवासाने नव्हे, अवधानाने मिळते. आणि अवधानास सर्वथा योग्य असे स्थळ आम्हा नवी मुंबईकरांच्या दाराशीच आहे. ते म्हणजे आमची खाडी होय.

हे नगर वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. त्यापूर्वी येथे आगरी व कोळी बांधवांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. किनाऱ्यावरील जाणत्या मंडळींचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूल मानाने कळते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार मंदावतो, तो भांग. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. ती शाळेच्या घंटेस अगर शिकवणीच्या वेळापत्रकास जुमानीत नाही. जो तिला भेटू इच्छितो त्यानेच आपली वेळ तिच्या वेळेशी जुळवावी लागते. अवधानाचा पहिला पाठ हाच.

दुसरा पाठ रोहित पक्षी देतात. साधारणतः हिवाळ्याच्या आरंभी गुजरातेतील कच्छ आदी प्रदेशांतून त्यांचे थवे ठाण्याच्या खाडीत येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. मान लववून, चोच उलटी धरून, चिखलपाण्यातील सूक्ष्म शैवाल ते गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. ओहोटीस चिखलपट्टे उघडे पडले की ते खाडीत चरतात, आणि भरती चढली की उडून नेरूळच्या पाणथळींत येऊन विसावतात. या खाडीस २०१५ साली रोहित अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तथापि पामबीच मार्गावरून धावत्या मोटारीतून तो थवा म्हणजे केवळ एक गुलाबी रेघ दिसते. थांबणाऱ्यासच पक्षी दिसतो.

थांबून पाहण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण डॉ. सालिम अली यांचे होय. १९३० साली त्यांच्या हाती नोकरी नव्हती. मन उद्विग्न व्हावे असेच ते दिवस होते. येथून फार दूर नसलेल्या, अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांची एक वसाहत कित्येक महिने न्याहाळली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन त्याची पारख करते, तिने ते पत्करल्यावर तो ते पुरे करतो आणि मग दुसरे विणावयास घेतो, हा सारा व्यवहार त्यांनी धीराने टिपला. सुगरण काही दुर्मिळ पक्षी नव्हे. दुर्मिळ होते ते तिच्याकडे तसे पाहणे.

येथे कित्येक पालक विचारतील, "परीक्षा तोंडावर असता मुलांनी खाडीकाठी वेळ का दवडावा?" त्यांस आमचा उलट प्रश्न असा की, ज्याला उथळ पाण्यात निश्चल उभ्या राहिलेल्या बगळ्याकडे दहा मिनिटे पाहवत नाही, त्याला भूमितीच्या प्रमेयाकडे तरी दहा मिनिटे कसे पाहवेल? चित्त एकच आहे. त्यास जे वळण येथे लागेल, तेच तेथे उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाडीकाठी शांतीबरोबर कचरा आणि राडारोडाही दिसतो, तेव्हा मनास क्लेशच होतात. हे खरे आहे. आणि ते क्लेश आम्हांस इष्टच वाटतात. नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तलाव सुकू लागला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात काही रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. जागरूक नागरिकांनी त्यास वाचा फोडली. ज्यांनी पूर्वी तेथे पाणी पाहिले होते, त्यांनाच आता पाणी नाही हे कळू शकले. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. परंतु कायद्यास स्वतःचे डोळे नसतात, ते आपणच त्यास द्यावयाचे असतात. डोळे मिटून मिळते ती गुंगी. डोळे उघडे ठेवून जी टिकते तीच शांती.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी : पंधरवड्यातून एकदा तिथी पाहून मुलांस खाडीकाठी न्यावे. चिखलात उतरू नये. अर्धी घटका मोबाइल खिशातच राहू द्यावा. मुलांचा आणि आपलाही. ओहोटीच्या वेळी तिवरांची श्वसनमुळे चिखलातून कशी वर आलेली असतात, हे मुलांस आपले आपण पाहू द्यावे. लगोलग समजावून सांगू नये. आणि आम्हा शिक्षकांसही एक पथ्य आहे : दुसऱ्या दिवशी त्यावर निबंध मागू नये, प्रकल्पवही तर मुळीच नको. ज्या घटकेस गुण नाहीत, पारितोषिक नाही आणि परीक्षकही नाही, अशी एखादी घटका बालपणी वाट्यास यावी, एवढेच आमचे मागणे आहे.