छंद आणि गुन्हा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात 'हातभट्टी' हा शब्द आम्ही बहुधा पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांतच वाचत आलो. अलीकडे मात्र सुशिक्षितांच्या गप्पांत घरी लागर बिअर बनवण्याच्या तयार संचाचा विषय निघतो आणि त्याला 'छंद' म्हटले जाते. हा शब्दभेद आम्हांस खटकतो.

संचात हॉप्सयुक्त माल्टच्या अर्काचा डबा आणि यीस्टची पुडी असते. लागर मात्र त्या डब्यात नसते. जर्मन भाषेतील या शब्दाच्या मुळाशी 'साठवणे' हा अर्थ आहे. सुमारे १० अंश सेल्सिअसला आंबवायचे, मग शून्याजवळच्या थंडीत कित्येक आठवडे मुरवायचे. बदलापूरच्या वैशाखात हे साधायचे तर वेगळा फ्रिजच हवा. म्हणजे 'छंद' हा शब्दही ऐपतीनेच मिळतो!

कायदा हा भेद मानत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे. मोहाची दारू गाळणारा आणि संचाचा डबा फोडणारा, दोघेही त्याच्या कक्षेत येतात.

हातभट्टीची भलामण आम्हांस करावयाची नाही. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. बिअर आंबवणे आणि दारू गाळणे यांतील धोक्याचा फरकही आम्ही जाणतो. परंतु घरगुती बिअरला मुभा मागणाऱ्यांनी मोहाचा प्रश्नही त्याच पंगतीत बसवावा. एरवी ती मागणी स्वातंत्र्याची नव्हे, केवळ सवलतीची ठरेल.