मागच्या चाकांचा दांडा

वालीवला आमच्या चिरंजीवांचा लेथचा गाळा आहे. परवा मी तिथं चहा घेत बसलो असता नातवानं जाहीर केलं, "आजोबा, मी शर्यतीतला ड्रायव्हर होणार. आधी कार्टिंग शिकणार!"

"सायकलची चेन बसवता येत नाही, आणि म्हणे ड्रायव्हर!" बापाचा पारा चढला.

नातवाचं दैवत म्हणजे मुंबईचा जेहान दारुवाला. २०११ साली फोर्स इंडियानं होतकरू मुलं शोधली, त्यांत हा पारशी मुलगा निवडला गेला. वय जेमतेम तेरा. कार्टिंगमधून तो युरोपातल्या शर्यतींत शिरला आणि ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०२२ साली मोंझालाही जिंकला. फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीची जागा मात्र हुकली. २०२४ साली तो विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये धावला.

"पण कार्ट म्हणजे खेळणंच ना?" चिरंजीव म्हणाले.

मी (खोटं कशाला सांगू, नातवाकडूनच शिकलेलं) ऐकवलं, "तिला स्प्रिंगा नाहीत, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. वळताना आतलं चाक किंचित उचललं गेलं, तरच गाडी नीट वळते."

लेथ थांबला. "म्हणजे चासीच लवायला हवी," चिरंजीव पुटपुटले.

मग टायर, इंजिन, पुढं परदेशचा खर्च, असा हिशेब निघाला. नातवाचा चेहरा उतरला. बराच वेळ कोणी बोललं नाही. चिरंजीवांनी हात पुसले.

"त्या दांड्याचा व्यास किती असतो रे?"