घाटात उतरणाऱ्या जीपचे ब्रेक

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी चारही चाकांनी ओढणारी जीप घेतली असून जांबोटीच्या पलीकडील बागायतीत, चिखलाच्या वाटेने, तिची रोजची ये-जा असते. गाडीच्या पुढील चाकांचे पॅड आणि डिस्क झिजल्याचे मिस्त्रींनी सांगितले. दुकानदाराने चार प्रकारचे पुडे समोर ठेवले. किमतींत दुपटीहून अधिक फरक. चिरंजीवांनी त्याच महिन्यात मोठे टायर आणि टपावरचे दिवे यांवर बरीच रक्कम खर्च केली आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत मात्र 'स्वस्तातले चालतील' असे त्यांचे म्हणणे आहे. याच गाडीतून नातवंडांना घेऊन चोर्ला घाटाने गोव्यास माहेरी जाणे होत असल्याने भगिनींस काळजी वाटते. ती रास्त आहे असे आमचे मत आहे, आणि बेळगावकरांपैकी अनेकांची गाडी चोर्ला, अंबोली किंवा अनमोडच्या घाटाने उतरत असल्यामुळे या प्रश्नास सविस्तर उत्तर देणे आम्ही योग्य समजतो.

ब्रेक गाडीची गती गिळून टाकतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो. माणसे व सामान धरून २००० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली आणि इंजिनाने वा हवेने काहीच भार उचलला नाही, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होईल तिने सुमारे ३० लिटर थंड पाणी उकळीस येईल. एवढी आच प्रामुख्याने पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅड यांना सोसावी लागते, कारण उतारावर ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. सपाटीवरच्या शहरात जे पॅड निर्वेध चालतात तेच घाटाच्या मध्यावर 'धरेनासे' होतात, त्याचे कारण हेच. पाय दाबलेला असतो, पेडलही घट्ट लागते, परंतु तापलेला पॅड डिस्कवरून नुसता सरकत राहतो.

म्हणून पॅडची निवड करताना तो थंड असता कसा धरतो यापेक्षा तापल्यावर कसा धरतो हे पाहावे. बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज न करणारे, डिस्कला जपणारे. परंतु उष्णतेपुढे लवकर हार खाणारे. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि त्यांची काळी भुकटी चाकांवर फारशी बसत नाही. शहरी मोटारीस ते शोभतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादी तंतू व लोहचूर्ण असते. ते थोडा आवाज करतात, डिस्कही अधिक झिजवतात, आणि पहाटेच्या गारव्यात पहिल्या दोन-तीन दाबांना किंचित मंद वाटतात. परंतु ओझे लादून घाट उतरणाऱ्या आणि जांभ्याच्या लाल चिखलातून जाणाऱ्या गाडीस आम्ही तेच सुचवू. गाडीचे टायर व भार कारखान्यातून आले तसेच असतील, तर उत्पादकाने मुळात बसविलेल्या प्रतीचेच पॅड घेण्यात काही कमीपणा नाही.

पुष्कळ पॅडांच्या कडेवर किंवा पाठीच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण दाखवते, दुसरे अधिक तापल्यानंतरचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर 'एफ' आणि दुसरे 'ई' असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो असे समजावे. घाटासाठी निदान दोन्ही अक्षरे 'एफ' असावीत. या अक्षरांवरून पॅड किती दिवस टिकेल हे मात्र कळत नाही. ज्यावर काहीच छापलेले नाही, पुड्यावर गाडीचे नावही धड नाही, असा माल कितीही स्वस्त मिळो, तो दुकानातच राहू द्यावा.

आता डिस्क, जिला काही मिस्त्री रोटर म्हणतात. उद्यमबागेतील ओतशाळांशी ज्या घरांचा संबंध आहे त्यांना हे सांगावयास नकोच की डिस्क बिडाची असते. पोलाद अधिक चिवट खरे. पण करड्या बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता झटकन पसरते आणि कंपही तेथेच जिरतो. पुढच्या चाकांसाठी दोन पृष्ठभागांमध्ये हवा खेळणारी 'व्हेंटिलेटेड' डिस्क मूळची असेल तर तशीच घ्यावी. तरुण मंडळींस भोके पाडलेल्या डिस्कचे फार आकर्षण आहे. त्या दिसतात छान. परंतु चिखलात त्या भोकांत खडे व माती अडकते, आणि वारंवार तापून निवल्याने भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. खाचा असलेली डिस्क त्यामानाने बरी, कारण ती पॅडवरील पाणी व चिखल खरवडून काढते. मात्र पॅडही लवकर संपवते. आमच्या मते साधी, नामांकित कंपनीची, बिनभोकांची डिस्कच घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या पॅडवर खर्च करावेत.

जुनी डिस्क लेथवर घासून वापरावी काय? तिच्यावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. घासल्यानंतरची जाडी त्याहून खाली जाणार असेल तर ती भंगारात द्यावी. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही, मग पॅड कितीही महाग असो. पावसाळ्यात एका रात्रीत चढणारा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी आहे. पहिल्या दोन-चार दाबांत तो निघून जातो.

चिरंजीवांच्या मोठ्या टायरांविषयी. ३१ इंच व्यासाच्या जागी ३३ इंचांचे टायर बसविले, तर पायाच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारी थांबविण्याची शक्ती सुमारे ६ टक्क्यांनी घटते. शिवाय टायर जड, म्हणून फिरते वजन वाढते ते वेगळेच. मोठे टायर घेणाऱ्याने ब्रेकमध्ये काटकसर करणे म्हणजे घराला मजला चढवून पायातले दगड काढणे होय. या जातीच्या बऱ्याच गाड्यांना, २०२० च्या थारला किंवा २०२३ च्या जिम्नीलाही, मागील चाकांना ड्रमच आहेत. ओढ्यातून गाडी गेल्यावर ड्रममध्ये पाणी व गाळ राहतो. तेव्हा पुढचे पॅड बदलताना मागचे ड्रम उघडून स्वच्छ करवून घ्यावेत.

बसविताना पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. डिस्क टेकते तो हबचा चेहरा गंजमुक्त करावा, नाहीतर नवी डिस्कही डगमगते आणि स्टिअरिंग थरथरते. कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या आहेत ना, हे मिस्त्रींकडून पाहून घ्यावे. चिखलातल्या गाडीत त्या हटकून अडकतात आणि एकच पॅड झिजतो. ब्रेकची भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू देऊ नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि कोणतीही बारीक भुकटी फुप्फुसांत जाणे वाईटच.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ४' जातीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या मुलखात दर दोन वर्षांनी, पॅड ठीक असले तरी, ते बदलावे.

नवे पॅड बसविल्यावर त्याच दिवशी घाट उतरू नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळुवार वेग कमी करावा व मधे ब्रेक निवू द्यावेत, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर समान बसतो. त्यानंतर चोर्ला उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहून भार इंजिनावर टाकावा आणि ब्रेक सतत चेपून न ठेवता थोडा दाबून सोडावा. करपल्याचा वास आला, तर गाडी वळणापासून दूर, रुंद जागी थांबवून अर्धा तास निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.