तालुक्याचे गाव : साडेबाराला उघडणारे कार्यालय

कंपनीच्या कार्यालयात न जाता राहत्या ठिकाणाहून इंटरनेटच्या आधारे केल्या जाणाऱ्या नोकरीला दूरस्थ काम म्हणतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील वऱ्हाडी तरुण गावी परतले आणि ही पद्धत तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. अशा कामासाठी कोणते शहर राहण्याजोगे, या प्रश्नाला सहसा इंटरनेटचा वेग आणि घरभाडे यांच्या आकड्यांत उत्तर दिले जाते. जर्मनीतील मध्यम शहरांचा अनुभव आणि अकोला जिल्ह्यातील तेल्हारा या तालुक्याच्या गावाची परिस्थिती शेजारी ठेवून पाहिल्यास मात्र हे उत्तर अपुरे ठरते.

जर्मनीत २० हजार ते १ लाख वस्तीच्या शहराला मध्यम आणि त्यापुढच्या शहराला मोठे शहर म्हणण्याचा प्रघात आहे. या मापाने वीस हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेले तेल्हारा मध्यम शहराच्या उंबरठ्यावर येते, तर २०११ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांची नोंद झालेले अकोला हे जर्मनीतील सुमारे तीन लाखांच्या कार्ल्सरूह शहरापेक्षाही मोठे ठरते. तेव्हा फरक लोकसंख्येचा नाही; राहणाऱ्याच्या दिवसाचा किती भार शहर उचलते आणि किती त्याच्या घरावर टाकते, याचा आहे.

जर्मन शहरात हा भार बऱ्याच अंशी नियमांनी वाटून घेतला आहे. रविवारची विश्रांती १९१९ च्या वायमार राज्यघटनेने संरक्षित केली आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या जर्मन घटनेने, ती कायम ठेवली, म्हणून त्या दिवशी काही अपवाद वगळता दुकाने बंद असतात; रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा दंडक आहे; आणि १९९४ च्या कामाच्या वेळेच्या कायद्यानुसार एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत नोकरदाराला साधारणपणे सलग ११ तासांची विश्रांती मिळावी लागते. देशभरातील स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वेसाठी १ मे २०२३ पासून ४९ युरोंचा एकच मासिक पास सुरू झाला, ज्याची किंमत पुढे वाढली असली तरी सोय टिकून आहे. नव्या भाडेकरूला रविवारी दूध न मिळाल्याचा आणि घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवण्याचा जाच वाटतो, पण तीच शिस्त त्याच्या विश्रांतीची राखण करते.

जर्मन कंपनीचे काम तेल्हाऱ्यात बसून करणाऱ्याचा दिवस मात्र दोन घड्याळांवर चालतो. भारत जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्यामुळे तिथले सकाळचे नऊ इथे दुपारचे साडेबारा किंवा दीड असतात आणि तिथे सायंकाळी पाचला काम आटोपते तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, स्लॅब तापण्याच्या ऐन वेळेस हे कार्यालय उघडते. कूलर लावला तर ऑनलाइन बैठकीत त्याची घरघर पलीकडे ऐकू जाते, म्हणून बोलण्याची पाळी आली की तो बंद करावा लागतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर आणि पंखा चालतो, पण मोठा कूलर त्यावर सहसा घेत नाहीत. परिणामी इंटरनेट शाबूत राहते आणि माणूस घामाने निथळतो.

दुसरी अडचण घरातलीच आहे. ‘घरीच तर आहे’ या समजुतीने दळण, सिलिंडर आणि पाहुण्यांची सरबराई त्याच्याकडे येते, आणि वेचणीच्या हंगामात सायंकाळी साडेपाचला, म्हणजे जर्मनीत दुपारी एकला, कापूस काट्यावर चढतो तेव्हा वजन लिहून मजुरांचा किलोवारी हिशेब करण्यासाठीही त्यालाच हाक पडते. कुटुंबाची ही अपेक्षा गैर नाही, कारण एकत्र राहण्याचा खर्च आणि आधार दोन्ही त्यातूनच निघतात; गैर आहे ते कामासाठी घराबाहेर दुसरी जागाच नसणे. शहर रेल्वेमार्गावर नसल्याने रोज अकोल्याला जाऊन बसणे हाही सोपा पर्याय नाही.

अशा जागेचे बीज मात्र महाराष्ट्रात जुने आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवार साखळी उभी राहिली, आणि स्पर्धा परीक्षांच्या लाटेत त्यांना अभ्यासिकांची, म्हणजे शांतपणे बसून वाचण्याच्या खोल्यांची, जोड मिळाली. तिथे शांतता हाच नियम असल्याने बोलून करावयाच्या कामाला वाव नसतो. त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही: दार बंद होणाऱ्या दोन लहान खोल्या, कूलरचा भार पेलणारी पर्यायी वीज, वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन इंटरनेट जोडण्या आणि रात्री दहापर्यंत उघडे राहणारे दार पुरे आहे. माफक मासिक शुल्क देणारा वर्ग गावात आला आहे आणि त्याचा पगार गावातच खर्च होतो. नगरपालिकेने पुढच्या अंदाजपत्रकात सुशोभीकरणाच्या एखाद्या कामाआधी या दोन खोल्यांची तरतूद करावी.