जोडीने परदेशी जाताना : थंडी, औषधे आणि दोघांची चाल



दिवाळी सरली आणि उसाच्या फडांवर धुके उतरू लागले, की आमच्या बेलापूर-श्रीरामपूर परिसरातील दवाखान्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : ‘‘नाताळात आम्ही दोघे युरोपला निघालो आहोत. प्रकृतीला झेपेल ना?’’ विचारणारे बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या सौभाग्यवती असतात. मुलगा लंडनला असतो, किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या सहल कंपनीकडे पैसे भरलेले असतात. पॅरिस, व्हिएन्ना, प्राग ही नावे आता खेड्यातल्या ओसरीवरही परकी राहिलेली नाहीत.

या हौसेचे मूळ जुने आहे. १९६० साली पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ प्रसिद्ध झाले आणि सुनीताबाईंसह त्यांनी केलेला युरोपचा प्रवास मराठी घराघरांत पोहोचला. परंतु त्या प्रवासाच्या वेळी पु.लं.नी वयाची चाळिशीही ओलांडलेली नव्हती. आपल्याकडील बहुतेक जोडप्यांना तीच हौस पुरी करण्याची सवड साठीनंतर मिळते. तेव्हा एकाला रक्तदाब असतो, दुसऱ्याला मधुमेह किंवा गुडघेदुखी असते. म्हणून जाऊ नये काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : बहुतेकांनी जावे. मात्र दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. प्रवास दोघांपैकी ज्याची प्रकृती नाजूक, त्याच्या चालीने आखावा. आणि एकाची औषधे दुसऱ्याला तोंडपाठ असावीत.

सहा आठवडे आधी

तिकिटांची तयारी सहा महिने आधी सुरू होते. शरीराची तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू व्हावी. परदेशी शहर पाहणे म्हणजे मुख्यतः चालणे. बस चौकात सोडते. पुढे दगडी रस्ते, वस्तुसंग्रहालयांचे जिने आणि रांगा असतात. दिवसाला सहा-सात किलोमीटर सहज होतात. तेव्हा येथेच रोज, शक्यतो प्रवासात घालायचे तेच बूट घालून, चालण्याचा सराव करावा. सपाटीवर १ किलोमीटर चालताना किंवा दोन मजले चढताना धाप लागत असेल, छाती भरून येत असेल, तर आधी तपासणी, मग तिकीट. ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या तज्ज्ञांच्या लेखी परवानगीवाचून विमानात बसू नये.

उत्तर गोलार्धात हिवाळा हाच फ्लूचा हंगाम असतो. फ्लूच्या लशीचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती वेळेवर घ्यावी. न्यूमोनियाविरोधी लशीबद्दलही याच भेटीत विचारावे.

प्रवास-विमा ही केवळ व्हिसापुरती औपचारिकता नव्हे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे विमासंरक्षण लागते. मात्र कागदावर आधीपासूनचे आजार लपवल्यास त्याच आजारासाठी भरपाई नाकारली जाऊ शकते. मधुमेह व रक्तदाब प्रामाणिकपणे लिहावेत, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

विमानातील दहा तास

बेलापूरहून मुंबई गाठण्यातच पाच-सहा तास जातात. मग विमानतळ, मग रात्रीचे उड्डाण. घरापासून हॉटेलपर्यंतचा हा प्रवास सहज चोवीस तासांच्या घरात जातो. शक्य असल्यास एक दिवस आधीच मुंबईत मुक्काम करावा.

उडत्या विमानातील हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असतो. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे आपण रात्रभर कळसूबाईहून उंच जागी बसलेले असतो. निरोगी माणसास ते जाणवतही नाही. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना विकार असणाऱ्यास मात्र जाणवू शकते. शिवाय ती हवा अतिशय कोरडी असते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहावे.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासाला पावले वरखाली हलवावीत, अधूनमधून मार्गिकेत फेरी मारावी. पूर्वी अशी गुठळी झालेल्यांनी व कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा वेगळा सल्ला घ्यावा; मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये.

विमानतळावर चाकांच्या खुर्चीची सोय मिळते. ती किमान ४८ तास आधी कळवून मागावी. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी यात संकोच मानू नये. तेथे वाचवलेली शक्ती पुढे शहर पाहण्यास कामी येते.

थंडी शरीरात काय करते

आपल्याकडील पहाटेची थंडी आणि युरोपातील हिवाळा यांत मोठा फरक आहे. तेथे दुपारीही पारा शून्याच्या आसपास राहू शकतो आणि वारा ती थंडी अधिक बोचरी करतो. थंडीत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरील ताण वाढतो. दमेकऱ्यांना थंड हवेने खोकल्याची उबळ येते. त्यांनी नाक-तोंडावर मफलर ठेवावा आणि फवारा आतल्या खिशात बाळगावा.

एका जाड कोटापेक्षा तीन थर चांगले : अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकर आणि बाहेर वारा अडवणारे जॅकेट. आतून सुती बनियन असेल, तर घाम धरून ठेवल्याने उलट गारठा वाढतो. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आत थर्मल पायजमा व लोकरी मोजे घालावेतच. मात्र बर्फाळ रस्त्यावर साडीचा घोळ पायात येतो, म्हणून चालण्याच्या दिवशी सलवार किंवा पँट हाच सुरक्षित पोशाख.

मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने किंवा खोलीतील हीटरला पाय टेकवून शेकू नये. चटका बसल्याचे कळत नाही. रोज रात्री पाय तपासावेत. तळवा स्वतःला दिसत नसेल, तर जोडीदाराने पाहावा.

थंडीत तहान कमी लागते आणि लघवी मात्र वारंवार होते. युरोपातील अनेक स्वच्छतागृहांत पैसे द्यावे लागतात, म्हणून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पाणीच पिणे सोडतात. काही जण लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात. हृदयाच्या दुर्बलतेसाठी ती गोळी सुरू असेल, तर चार दिवसांत पायांवर सूज येऊन दम लागू शकतो. गोळीची वेळ बदलता येते का, हे निघण्यापूर्वी विचारावे. आणि खिशात सुटी नाणी ठेवावीत.

बर्फावरची चाल

हिवाळी सहलीतील सर्वांत मोठा धोका मला घसरून पडण्याचा वाटतो. रस्त्यावर बर्फाचा इतका पातळ थर असतो की तो ओल्या डांबरासारखा दिसतो. मनगट किंवा खुबा मोडला, तर सहल तेथेच संपते. खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे बूट घ्यावेत; जाड मोज्यांसह बोटे हलतील एवढी जागा असावी. लहान पावले टाकावीत, हात खिशाबाहेर ठेवावेत. काठी वापरण्याची सवय असेल, तर ती घरी ठेवू नये.

लंडनला डिसेंबरात सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो. म्हणून मुख्य दर्शनस्थळ दहा ते एक या वेळेत पाहावे आणि दुपारी विश्रांती घ्यावी. नाताळचा बाजार पाहण्यास संध्याकाळी जायचे असेल, तर अंतर कमी ठेवावे. दर तिसरा दिवस मोकळा असावा.

औषधांची पिशवी

सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. विमानाच्या पोटात जाणारे सामान कधी चुकते, कधी गोठणबिंदूपर्यंत गार होते. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी असते. तेथील रस्त्यावरही ते बाहेरच्या खिशात न ठेवता अंगालगत ठेवावे. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची औषधे अधिक न्यावीत. युरोपात प्रतिजैविकांसारखी औषधे चिठ्ठीवाचून मिळत नाहीत.

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे : मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, लेव्होथायरॉक्सिन. आपल्या ओळखीची कंपनीची नावे तेथे कोणी ओळखत नाही. चूर्णांच्या बिनलेबलाच्या पुड्या टाळाव्यात. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ट्रामाडॉल व कोडीनयुक्त औषधांवर तेथे कडक निर्बंध आहेत. आणि खसखसही निषिद्ध आहे. दिवाळीचे उरलेले अनारसे सुनेसाठी नेण्याचा मोह आवरावा.

हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते, पॅरिस व व्हिएन्ना साडेचार तास. गोळ्या हळूहळू तेथील घड्याळावर नेता येतात. इन्सुलिनच्या मात्रेचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. चालणे वाढल्याने आणि जेवण लांबल्याने साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर घ्यावी. ती दोघांच्याही खिशात हवी.

एकाची औषधे दुसऱ्याला

आपल्या घरांत पतीच्या गोळ्या बहुधा पत्नी काढून देते. तिला त्या तोंडपाठ असतात. तिच्या स्वतःच्या गोळ्या मात्र कोणालाच ठाऊक नसतात. घरी हे चालून जाते. परक्या शहरात ती तापाने पडली, तर पतीला ना तिची औषधे सांगता येतात, ना स्वतःची घेता येतात. माझ्या माहितीतील एका गृहस्थांनी अशाच वेळी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली व हॉटेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. दोघेही सुखरूप परतले. परंतु सहलीचे उरलेले दिवस खोलीतच गेले.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी पंधरा दिवस कामे बदलावीत : पतीने पत्नीच्या गोळ्या काढून द्याव्यात आणि स्वतःच्याही स्वतः घ्याव्यात. दोघांच्या आजारांची, औषधांची, ॲलर्जीची व रक्तगटाची इंग्रजीतील चिठ्ठी दोघांच्याही पाकिटात असावी. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो, अमेरिकेत ९११. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर मुलाला भारतात फोन लावण्यापूर्वी हा क्रमांक लावावा.

घरच्या मंडळींस

आई-वडिलांची सहल आखताना मुले प्रेमापोटी आठ दिवसांत पाच शहरे बसवतात. त्यापेक्षा दोन शहरे आणि स्टेशनाजवळचे, उद्वाहन असलेले हॉटेल हे अधिक मोलाचे. आई विशेषतः ‘‘मी दमले’’ असे म्हणत नाही. वडिलांची हौस मोडू नये म्हणून गुडघ्याची वेदना गिळते. फोनवर ‘काय पाहिले?’ याबरोबर ‘किती चाललात, काय खाल्ले, झोप लागली का?’ हेही तिला वेगळे विचारावे.

परतल्यावर आठवडाभरात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. काही आठवड्यांतही एका पोटरीला सूज किंवा दुखणे जाणवले, तर तो केवळ प्रवासाचा शीण समजून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हिवाळ्यातील एखादे सुंदर शहर पाहण्यासाठी तरुण असण्याची गरज नाही. घाई नसावी, आणि सोबतच्या माणसाला काय होते आहे, याकडे लक्ष असावे. ही तयारी आजपासून घरच्या घरीच सुरू करता येते : आज रात्री जोडीदाराच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि त्यातील प्रत्येक गोळी कशासाठी आहे, हे विचारून घ्या.