प्रमाणपत्र कोणाचे, कशाचे आणि कोणत्या पत्त्याचे?

सिल्वासाजवळच्या मसाट औद्योगिक वसाहतीत एलईडी दिवे किंवा पंख्यांचे नियंत्रक तयार करणारा लघुउद्योजक आवरण, वायर आणि वेष्टन यांची व्यवस्था स्वतः पाहू शकतो. आतला सर्किट बोर्ड मात्र त्याला बहुधा दुसऱ्याकडून जोडून घ्यावा लागतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक घटकांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या क्षेत्रात उतरणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले. पेडणे तालुक्यातील तुये येथील इलेक्ट्रॉनिक वसाहतीकडे आशेने पाहणाऱ्या गोव्यालाही म्हणूनच मसाटचा हा प्रश्न परका नाही. जोडणी करून देणाऱ्याच्या माहितीपत्रकावर चार-पाच बोधचिन्हे ओळीने झळकत असतात. त्यांतल्या कोणत्या चिन्हाचा अर्थ काय, हे ग्राहक क्वचितच विचारतो.

आयएसओ ९००१ पासून सुरुवात करावी लागेल, कारण सर्वाधिक गैरसमज त्याविषयीच आहेत. आयएसओ ही संस्था मानके लिहिते; प्रमाणपत्रे देत नाही. ती स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात आणि त्या संस्थांची पात्रता अधिस्वीकृती मंडळे तपासतात. आपल्याकडे हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे ‘एनएबीसीबी’ हे मंडळ करते. अशी अधिस्वीकृती नसलेल्या संस्थांची प्रमाणपत्रेही बाजारात मिळतात, आणि दिसायला ती तितकीच देखणी असतात. कागद खरा असला तरी त्यावरील ‘व्याप्ती’ची ओळ वाचलीच पाहिजे. तेथे ‘सुट्या भागांचा व्यापार’ लिहिले असेल, किंवा पत्ता मुंबईतील कार्यालयाचा असून काम भलत्याच शेडमध्ये होत असेल, तर ते प्रमाणपत्र या कामाविषयी काहीच सांगत नाही. मुदत साधारणतः तीन वर्षांची असते आणि मध्ये दरवर्षी पाहणी व्हावी लागते. शिवाय हे मानक कारभाराच्या पद्धतीचे आहे. बोर्डावरील सांधा चांगला की वाईट, हे त्यात नाही.

ते ठरते ‘आयपीसी-ए-६१०’ या निकषांवर. त्यात तीन वर्ग आहेत: पहिला साध्या वापराच्या वस्तूंचा, दुसरा दीर्घकाळ टिकाव धरणाऱ्या उपकरणांचा, तिसरा जेथे बिघाड चालणारच नाही अशांचा. चिप जागेवरून बाजूला सरकली, तर दुसऱ्या वर्गात तिच्या टोकाच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत सूट मिळते. तिसऱ्यात पाव भागापर्यंतच. म्हणजे एकच बोर्ड एका वर्गात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात नापास होऊ शकतो. ऑर्डरवर वर्ग लिहिलाच नसेल, तर पुढे वाद घालायला ग्राहकाजवळ आधार उरत नाही. ‘आमचा कारखाना आयपीसी प्रमाणित आहे’ या वाक्याचा अर्थही बहुधा एवढाच असतो की काही कर्मचाऱ्यांनी ही परीक्षा दिली आहे. ते प्रमाणपत्र व्यक्तीचे असते आणि दोन वर्षांनी संपते. ती माणसे आज त्याच लाइनवर आहेत की नोकरी सोडून गेली, हे विचारण्यात संकोच कसला?

वाहनांच्या सुट्या भागांसाठी आयएटीएफ १६९४९, विमानांसाठी एएस ९१००, वैद्यकीय उपकरणांसाठी आयएसओ १३४८५ अशी वेगळी मानके आहेत. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरले जाणारे ट्रूनॅट यंत्र गोव्यातील वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे. अशा यंत्रातील बोर्ड कोणत्या खेपेच्या घटकांतून बनला, याचा माग लावता यावा लागतो. पंख्याच्या नियंत्रकासाठी ती सगळी शिस्त विकत घेण्याचे कारण नाही. तिचा खर्च अखेर दरात मिसळतो.

दमट किनारी हवेत मात्र एक प्रश्न टाळता येत नाही, आणि भिंतीवरच्या चौकटीत त्याचे उत्तर सहसा नसते. ओलाव्याला संवेदनशील असलेल्या तिसऱ्या पातळीच्या चिपा सीलबंद पिशवीतून काढल्यावर ३० अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत १६८ तासच बाहेर राहू शकतात. जुलैत येथील उघड्या शेडमध्ये ही मर्यादा कशी पाळणार? आत शिरलेले पाणी सोल्डरिंगच्या उष्णतेने वाफ होऊन चिपेला आतून चिरते. बोर्ड चाचणीत चालतो आणि ग्राहकाच्या घरी काही महिन्यांनी बंद पडतो. कोरडे कपाट आहे का, पिशवी उघडल्याची वेळ कोण नोंदवतो, हे जागेवर जाऊनच पाहावे. स्थिर विद्युतभारापासून संरक्षणाचे ‘एस २०.२०’ प्रमाणपत्र असले, तरी कामगाराच्या मनगटातील पट्टा रोज तपासला जातो का, हेही त्याच फेरीत कळते.

उरलेल्या चिन्हांबाबत थोडक्यात. ‘रोह्स’ ही बहुतांशी उत्पादकाची स्वतःची ग्वाही असते. शिशाची मर्यादा ०.१ टक्का असल्याने खरेदीदाराने प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. यूएलचे चिन्ह बहुधा कोऱ्या बोर्डाचे असते, जोडणीचे नव्हे. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी तर तयार वस्तूची असते. जोडणाऱ्याकडे कितीही कागद असले तरी, एलईडी दिव्याची ती नोंदणी मसाटच्या उद्योजकालाच करून घ्यावी लागते.