दवाखाना कोणाच्या सोयीचा?

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची मंडळी लोणावळ्याकडे निघतात. खंडाळ्याची हवा, कार्ल्याची लेणी, परतताना चिक्कीचे पुडे. सारे कसे स्टेशनाच्या हाताशी! पण आगगाडी नि हमरस्ता जेथून जातात, तेवढेच काही मावळ नव्हे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोरी आत दूरवर पसरली आहेत. तिथल्या एखाद्या वाडीवर आठ दिवसांच्या बाळाने रात्री दूध सोडले, तर आईने काय करावे?

"दवाखान्यात न्यावे," असे आपण चटकन सांगू. पण त्या माउलीच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. अंगावरचे बाळंतपण अजून ओले. थोरले पोर कोणापाशी ठेवायचे? नवऱ्याची मजुरी बुडाली तर उद्याचे काय? पावसाळ्यात परतीची गाडी मिळेल ना? आपण तिला बेफिकीर म्हणून मोकळे होतो. दवाखान्याच्या वेळा ठरवताना मात्र तिला कोणी विचारलेले नसते.

हा हिशेब गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उलटा मांडला. बाळे घरी दगावतात, तर उपचारानेच घरी का जाऊ नये? त्यांनी 39 गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, प्रसंगी इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते.

त्या अनुभवातून 2011 पासून देशभर नियम झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले, तर आशाताईने 42 दिवसांत 6 वेळा घरी यायचे. घरी झाले, तर 7 वेळा. मावळातल्या वाडीलाही तो लागू आहे. त्याच वर्षीच्या योजनेने बाळंतिणीला आणि आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात विनामूल्य नेण्या-आणण्याची सोय केली. मात्र ताईची पायपीट आणि गाडीचे चाक यांची गाठ वेळेवर पडली, तरच नियमाचा उपयोग!

लोणावळ्यास ज्यांचा बंगला आहे, त्यांनी एवढे अवश्य करावे. राखणदाराच्या घरी तान्हे मूल असेल, तर आशाताईच्या फेरीच्या आणि लस टोचण्याच्या दिवशी त्याच्या बायकोला कामाला बोलावू नये. तिचा रोजही कापू नये. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, शांत असतानाही मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेऊ लागले, किंवा मलूल पडले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाला फोन करावा. गाडीला उशीर लागणार असेल, तर आपली मोटार काढावी.